मशिनीच्या चार पायांवरचे तेल

मी, टिकाराम चुन्नीलाल रहांगडाले, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा धानाची गिरणी चालवणे व गिरण्यांची फिटिंग करणे, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, आज पूर्ण शुद्धीत, कोणी धमकावलेले नसताना आणि कोणी काही पाजलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताला मात्र कंप आहे. अक्षर आणि सही थरथरलेली दिसेल, त्यावरून पुढे कोणी शंका काढू नये. लोकांच्या मशिनींची थरथर बंद करण्यात माझे आयुष्य गेले. माझ्या हाताखाली कोणते रबर घालावे ते मात्र डॉक्टरांना सापडलेले नाही.

मी थकलो आहे. हे वाक्य मृत्युपत्रात लागत नाही असे वकील नूतनताई म्हणाल्या. खरे आहे म्हणून राहू दिले.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे वडिलांच्या जुन्या घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग, मुलगा भूपेंद्र याला द्यावा. पत्नी फुलवंता तीन वर्षांपूर्वी वारली. तिचे दागिने व बँकेतील माझी सर्व ठेव मुलगी रेणू, राहणार गोरेगाव, हिला द्यावी. बापाच्या आजारपणात ती एसटीने येऊन जाऊन थकली आणि एकदाही तसे बोलली नाही. भूपेंद्रने यावर तोंड वाकडे करू नये. त्याला गिरणी मिळत आहे.

कलम २. घरालगतची गिरणी, म्हणजे धान भरडणारा हलर, चाळण, मोटर व शेड, हीदेखील भूपेंद्रची. पण पुढील अटींवर.

हलर आणि चाळण ज्या लोखंडी फ्रेमवर बसली आहेत तिच्या चार पायांखाली चार जाड रबरी पॅड आहेत. फ्रेमखालच्या काँक्रीटच्या ओट्याभोवती हातभर खंदक असून त्यात वाळू भरली आहे. पॅड काढू नयेत. खंदक बुजवून त्यावर फरशी बसवू नये. भूपेंद्रला फरशीची फार हौस आहे. चाळणीला हलावेच लागते, न हलणारी चाळण काय कामाची? पण तिचे हलणे तिच्यापाशीच राहिले पाहिजे. रबर आणि वाळू एवढेच काम करतात. फ्रेम सरळ ओट्याला बोल्टने आवळली तर तीच थरथर जमिनीतून मधल्या भिंतीत जाईल, आणि त्या भिंतीपलीकडे माणूस राहते.

कलम ३. ते माणूस म्हणजे माझ्या वहिनी, धुरपताबाई. माझे थोरले भाऊ छोटेलाल यांच्या पत्नी. नाव छोटेलाल असले तरी मोठे तेच होते. त्यांना मूलबाळ नाही. घराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग वहिनींचा आहे, त्यावर माझा किंवा माझ्या मुलाचा कसलाही हक्क नाही. हे मी इथे लिहून देतो, कारण त्यांना तसे वाटत नाही.

आमच्या घराण्यात दसऱ्याला मशिनीच्या चारही पायांवर जवसाचे तेल ओतून शेंदूर लावतात. मान थोरल्या सुनेचा. वहिनींनी तो नवी नवरी असताना घेतला आणि कधी चुकवला नाही. दादा वारले तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली, की विधवेने पूजा करावी का. मी सर्वांसमोर सांगितले, मान थोरल्या सुनेचा आहे, कुंकवाचा नाही. त्यानंतर कोणी बोलले नाही.

पण दरवर्षी दसरा झाला की पॅड फुगून मऊ पडत. दिवाळीत नवे धान आले, गिरणी जोरात सुरू झाली की फ्रेम नाचू लागे आणि वहिनींकडच्या भिंतीचा पोपडा गळे. मी पॅड बदलत असे आणि गोंदियाच्या रबरवाल्याला शिव्या देत असे. वहिनी मला देत असत. फुलवंता होती तोवर भिंतीवरून वांगी-मिरच्या देता-घेता मिटवून टाकत असे. ती गेली त्या दिवाळीत वहिनींच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण खाली पडला. त्या रस्त्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "मले हाकलाले भिंत हालवून राहिले हे! अर्ध्या घरावर डोळा हाय याचा!"

पुढच्या दसऱ्याला त्या आल्या नाहीत. वहिनी नाहीत म्हणून तेल कोणीच ओतले नाही. त्या वर्षी दिवाळी गेली, होळी गेली, उन्हाळी धान भरडून झाले, पॅड दगडासारखे टणक. भिंतीला हात लावला तर काही कळत नव्हते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलाने रबर सडते. रबरवाला बिचारा उगीच शिव्या खात होता.

मी त्याच दिवशी वहिनींच्या दारात गेलो. आनंदाने गेलो होतो हे लिहून ठेवतो. म्हणालो, "वैनी, दोष कोनाचाच नाही. तुमच्या तेलानं रबर सडते."

त्यांनी एक हात दारावर ठेवला. मग म्हणाल्या, "काऊन? रांडमुंड बाईच्या हातचं तेल मशिनीलेबी बाधते का? इतके वर्सं चाललं, आता इख झालं?"

"वैनी, तेल कोनाच्याबी हातचं..."

"मी आली नाही त तुमची मशीन चूप हाय. मले सारं समजते, भाऊजी." आणि दार लावून घेतले.

मी रबराचे सांगत होतो, त्यांना ते आपल्या कपाळाचे वाटले. ज्या बोलण्याविरुद्ध मी भाऊबंदांशी भांडलो तेच मी बोललो असे त्यांच्या मनात बसले. हे मला फार लागले आहे. भूपेंद्रला सांगितले तर तो म्हणाला, "अच्छा झालं ना बाबूजी. तेलबी बंद, कटकटबी बंद. आता सीधा बोल्ट मारून टाकू." पोराचे डोके चांगले आहे, पण त्याला भिंतीची एकच बाजू दिसते.

कलम ४. म्हणून मी यंदा लोखंडी पत्र्याच्या चार टोप्या केल्या आहेत. हात कापत असल्याने एकेकीला फार दिवस लागले. टोपी पॅडच्या वर, फ्रेमच्या पायाखाली बसते आणि तिच्या कडा वर वळवल्या आहेत. तेल ओतले तर ते टोपीतच राहते, रबराला लागत नाही. पूजा झाली की फडक्याने पुसून घ्यावे. म्हणजे तेलही राहील आणि पॅडही राहतील.

या चार टोप्या आणि तेलाची पितळी बुधली मी धुरपताबाईंना देत आहे. दसऱ्याला तेल ओतण्याचा मान त्यांच्या हयातीत त्यांचाच, आणि पुढे त्या ज्या बाईचे नाव घेतील तिचा. माझी सून चंचल हिने पूजेत मध्ये पडू नये, त्या विचारतील तेवढेच बोलावे.

तसेच त्यांनी केव्हाही मधल्या भिंतीला तळहात लावून "हालते" म्हटले, तर भूपेंद्रने त्याच क्षणी मशीन बंद करावी, पॅड तपासावेत आणि त्यांनी "नाही हालत" म्हटल्यावरच पुन्हा सुरू करावी. बाहेर धानाच्या पोत्यांची रांग असली तरीही. ही अट मोडली तर गिरणी विकून पैसा रेणूकडे जावा. अट कडक आहे हे मला कळते.

कलम ५. माझे सर्व पाने, जॅक आणि पाणसळ मी मुन्नालालला आधीच देऊन टाकली आहेत, इथे फक्त नोंद. हलरवर तो माझ्यासोबत म्हातारा झाला. पाणसळीतला बुडबुडा जरा डावीकडे झुकतो, ते त्याला ठाऊक आहे.

कलम ६. गोंदियाच्या त्या रबरवाल्याला भूपेंद्रने एकदा जाऊन नमस्कार करावा. मी जाणार नाही, मला त्याचा चेहरा अजूनही आवडत नाही.

कलम ७. माझ्यामागे डीजे-बँड काही लावू नये. तेरवीचा मंडप मधल्या भिंतीला बांधू नये. गिरणी एकच दिवस बंद ठेवावी.

वाचून दाखवल्यानंतरची दुरुस्ती. साक्षीदार म्हणून मी मुन्नालाल आणि धुरपताबाई अशी दोन नावे लिहिली होती. वहिनी माझ्या बाजूने खोटी सही करणार नाहीत हे सारे आमगाव सांगेल, म्हणून. नूतनताई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या. तीन वर्षांनी त्या माझ्या उंबऱ्यात आल्या आणि पोत्यावर बसल्या. माझ्याकडे पाहिले नाही. चौथे कलम वाचून झाले तेव्हा नूतनताईंच्या लक्षात आले. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. दोन्हींतले एकच होईल.

वहिनी म्हणाल्या, "टोप्या कुठी हायेत? आना."

मुन्नालालने आणल्या. त्यांनी एक टोपी हातात घेऊन कडेवरून बोट फिरवले. पत्रा कापताना माझा हात हलला होता, तिथे कड वाकडी आहे. तिथे त्यांचे बोट थांबले.

"हे तुमीच केल्या?"

मी हो म्हटले.

"मंग खोडा माजं नाव. मी साक्षीदार नाही. परवा तेल मीच टाकीन."

त्याप्रमाणे खाली दुरुस्ती केली आहे.

साक्षीदार:
१. मुन्नालाल पटले, राहणार आमगाव. (सही)
२. धुरपताबाई छोटेलाल रहांगडाले. (नाव खोडले.) त्याऐवजी बाबूलाल बिसेन, शेजारी, राहणार आमगाव. (सही)

लिहून देणार: टिकाराम चुन्नीलाल रहांगडाले. (सही, थरथरलेली, पण माझीच)

ठिकाण: आमगाव, गिरणीची शेड.
दिनांक: ३० सप्टेंबर २०२५.

वरील खोडाखोडीशेजारी डाव्या हाताचा अंगठा धुरपताबाईंचा आहे. त्याची गरज नाही असे वकीलबाईंनी दोनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही.