धुराड्याची टोपी आणि लाल मिशा

१ मार्च
नवी वही. व्हॅलीच्या पक्षीमित्र मंडळाच्या कॅलेंडरला अकरा वर्षं फोटो पाठवतोय. अकरा वर्षं नकार. निवड समितीला मोतीबिंदू झालाय, दुसरं कारण नाही. यंदा एप्रिलचं पान माझं. फ्लिकर, नर, लाल मिशा, पहाटेचा उजेड. जमिनीवर उतरून मुंग्या खाणारा सुतारपक्षी आहे, तो माझ्याच परसात उतरणार. पान मिळालं नाही तर मंडळ सोडणार. तसं सेक्रेटरीला फोनवर बजावलं. ती म्हणाली, बरं.

४ मार्च
मेपलला घरटं-पेटी टांगली. पुस्तक म्हणतं आत भुसा भरा, फ्लिकरला तो उपसायला आवडतो. भरला नाही. पाहुण्याला बोलवायचं आणि आधी घरात कचरा भरून ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत नाही. पेटीसमोर हिरवा तंबू ठोकला. त्याची पाठ घराकडे, तोंड पेटीकडे. लेन्स बसवली. आता फक्त पक्षी यायचा बाकी.

९ मार्च, पहाटे ५.४०
ठकठक! पत्र्यावर! हे काम मायटे उबेरुआगाचं. शेजारीण, वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या वडिलांच्या मेंढ्या होत्या, त्या काळातली पत्र्याची घमेली आणि टब अजून शेडमध्ये रचून ठेवलेत. तेच ठोकत बसली असणार. मुद्दाम. मी मागे तिच्या कोंबड्यांची तक्रार केली होती ना, त्याचा सूड.

१२ मार्च
चार दिवस ठकठक. तंबूत बसलो तरी पाठीमागून चालूच. असल्या गोंगाटात कुठला पक्षी येईल? मायटेला पत्र टाकलं. इथे उतरवून ठेवतो, कारण उत्तम झालंय:
"महोदया, पहाटे पत्रा बडवणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण नव्हे. या गल्लीत काही लोक झोपतात. हा प्रकार त्वरित थांबवावा. – वेंडेल नायगार्ड, निवृत्त व्हाइस प्रिन्सिपल."
तीस वर्षांच्या नोकरीत अशा तीन ओळींनी अख्खी शाळा गप्प केली आहे.

१५ मार्च
मायटे कुंपणापाशी भेटली. म्हणाली, मास्तर, जानेवारीपासून मनगट प्लास्टरमध्ये आहे, हातोडी सोडा, चमचासुद्धा धरवत नाही. डावा हात मोकळा दिसत होता. नोंद केली.

२१ मार्च
तंबूत मुंग्या. एक पँटमध्ये शिरली. एक म्हणजे मोजता आलेली एक. संध्याकाळी सगळ्या परसावर पावडर मारली. आता निवांत बसता येईल.

२८ मार्च
परसात एकही मुंगी नाही. फ्लिकरही नाही. हल्लीच्या पक्ष्यांना चिकाटी म्हणून नाही.

३ एप्रिल
अर्लीन सकाळभर चष्मा शोधत होती. डोक्यावर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! चाळीस वर्षं असल्या बाईबरोबर काढली. चिडून म्हणाली, वेंडेल, ती ठकठक मायटेची नाही, तुझा सुतारपक्षी आपल्या धुराड्यावर बसून वाजवतोय, जरा मान वर करून बघ. मी शांतपणे समजावलं: फ्लिकर हा जमिनीवरचा पक्षी. धुराडं ही जमीन नाही. ती म्हणाली, तू धन्य आहेस. कबूल केलं हे बरं झालं.

८ एप्रिल
धुराड्याबद्दल मात्र अर्लीनचं थोडं बरोबर निघालं. आवाज तिथूनच येतो. धुराड्याच्या पत्र्याची टोपी सैल झाली आहे आणि वाऱ्याने वाजते. अर्लीन म्हणाली, झाडाचं पान हलत नाहीये. हा वरचा वारा आहे. खाली जाणवत नाही.

११ एप्रिल
शिडी लावून स्वतः वर चढलो. वय अडुसष्ट! सायकलची जुनी ट्यूब टोपीभोवती गुंडाळली, वर फोम, वर चिकटपट्टी. टोपीवर पांढरे ठिपके होते. कबुतरं.

१२ एप्रिल
शांतता. पूर्ण शांतता. विजय. आता येईल.

१३ एप्रिल, पहाटे ५.४०
ठकठक. मायटेकडून. आता ही थेट युद्धाची घोषणा आहे. दुर्बीण घेऊन वरच्या खिडकीत गेलो. शेडच्या भिंतीवर उलटा टांगलेला टब. टबावर फ्लिकर. नर. लाल मिशा.
नाश्ता केला नाही.

१४ एप्रिल
माझ्या कुंपणावरून फोटो: १८६. पैकी शेपटी ४०, मायटेची लायलॅकची झुडपं १४६. तिच्या परसातून दहा पावलांवर मिळेल. पण मी विचारणार नाही. तिने बोलवावं.

२ मे
बोलावलं नाही. अर्लीन मात्र रोज सकाळी तिच्याकडे कॉफीला जाते. म्हणे तो अगदी समोर नाचतो, मिशीला मिशी लावून दुसऱ्या नराशी भांडतो. मी विचारलं, माझा विषय निघतो का? म्हणाली, हो, हसायच्या वेळी.

२० मे
माझ्या पेटीत बिऱ्हाड आलं. स्टार्लिंग, साळुंकीचे भाऊबंद. सहाजण. माझ्यावरच ओरडतात.

३० जून
शेवटची तारीख. शेपटीचा सर्वात चांगला फोटो पाठवला. नाव दिलं "निघताना". समितीत एक जरी दर्दी असेल तर पुरे.

१८ ऑक्टोबर
कॅलेंडर आलं. एप्रिल: मायटे उबेरुआगा. फोनवर, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तीन एप्रिलला काढलेला. धुराड्याच्या टोपीवर फ्लिकर, मान मागे, मिशा लखलखीत. माझं धुराडं. खाली हिरवा तंबू, आणि तंबूच्या मागच्या फटीतून दिसणारी माझी पाठ. तोंड पेटीकडे. फोटोला नाव: "शेजारी".
अर्लीन म्हणाली, आलास की रे कॅलेंडरात. आणि फ्रिजवर लावलं.
उजेड समोरून हवा होता. बाकी फोटो चांगला आहे. हे लिहिताना फार वाईट वाटतंय. मंडळ सोडण्याचं पत्र लिहिलं, टाकलं नाही.

३ मार्च
धुराड्यावरची ट्यूब, फोम सगळं काढलं. पावडर बंद. तंबूचं तोंड घराकडे फिरवलं. ५.४० ला जागाच होतो. कुणी नाही.

१० मार्च
सात दिवस. टोपी चकचकीत पुसली. कुणी नाही. मायटेच्या टबावर मात्र रोज मैफल.

१४ मार्च
उपाय सापडला. फ्लिकर दुसऱ्या नराचं वाजवणं ऐकून भांडायला येतो, असं पुस्तकात आहे. पहाटे ५.४० ला शिडीवर चढलो आणि टोपीवर स्टीलचा चमचा वाजवला. तो सेकंदाला वीस-पंचवीस ठोके देतो. मला चार जमले. दहा मिनिटं वाजवलं. उत्तर आलं! टबावरून. तो जागचा हलला नाही, पण उत्तर दिलं.

खाली उतरलो तर दाराखाली पाकीट. आत माझंच पत्र, गेल्या मार्चमधलं. "या गल्लीत काही लोक झोपतात." मायटेने वर फक्त "महोदया" खोडून "मास्तर" केलं आहे. सही माझीच. खाली मुद्दाम डाव्या हाताने काढल्यासारख्या अक्षरात एक ओळ: सहाला कॉफी आहे, येताना कॅमेरा आणा, चमचा नको.

अर्लीन आधीच तिकडे गेली आहे. मी जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
सहाला पाच कमी. लेन्स पुसून ठेवली.