खाणीच्या शेडमधलं यंत्र

आये,

तू दगड कुटायचीस आणि मी ते तपासायचो, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. साठ सालच्या सुमाराची गोष्ट. वेंगुर्ल्याच्या बाजूला लोखंडाची खाण होती. तिथल्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो आणि बाहेरच्या शेडमध्ये तू, आणखी पाच जणींबरोबर. कुटायचं, चाळायचं, ढिगाचे चार वाटे करायचे, दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा कुटायचं. टोपलीभर दगडाचं शेवटी मूठभर पीठ उरायचं आणि ते स्वच्छ टेबलावर माझ्यापुढे यायचं, दगडात लोखंड किती ते बघायला. घरी येऊन तू अंग धुवायचीस तेव्हा न्हाणीतून लाल पाणी वाहायचं. जेवताना खोकल्याची उबळ आली की ताट बाजूला सारायचीस.

तो खोकला ऐकवेना म्हणून मी यंत्र करायला घेतलं. भंगारातली गिरणी, लाँचचं जुनं इंजिन, आणि खाली गोल फिरणारे डबे, पीठ सगळ्यांत सारखं पडावं म्हणून. डब्यांची पहिली चाचणी आपल्या स्वयंपाकघरात. दोन्ही दाणे प्रत्येक डब्यात सारखे पडतात का बघायला तांदूळ आणि कुळीथ एकत्र करून मी वरून ओततोय, एका हाताने डबे फिरवतोय, आणि तू कमरेवर हात ठेवून बघतेयस.

"बरा रे झिला, पण आता ह्या निवडतलो कोण? तुझो बापूस?"

बाबा तेव्हा बोटीवर, आफ्रिकेच्या वाटेला. आपण दोघंच हसत हसत निवडत बसलो.

यंत्र शेडमध्ये बसलं, नीट चाललं, आणि थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "आता कुटणाऱ्या बायका लागणार नाहीत." असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, असं मी तुला सांगितलं. साहेबांच्या पाया पडून तुझ्यापुरतं चाळण्या धुण्याचं काम मागून आणलं. तू चुलीपुढून वळलीस.

"त्यो पाच जणी घराक बसतल्यो आणि मी एकटी थंय जाव? माका त्येंच्या दारावरसून चलाक येतला?"

तू त्यांच्याबरोबर काजूच्या कारखान्यात गेलीस. टरफलांच्या तेलाने तुझी बोटं काळी पडली, कातडी सोलवटली. हाताने भात कालवणारी तू चमच्याने जेवायला लागलीस. जेवताना माझी नजर तुझ्या बोटांवर जायची. "बघतंस काय? खोकलो गेलो मा?" तू म्हणायचीस. खोकला खरंच गेला होता, आणि तुझं हे समजूत घालणं मला रागावण्यापेक्षा जड जायचं. रागावली असतीस तर मी काहीतरी बोललो असतो.

तू जाऊनही आता किती वर्षं झाली. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तुम्ही सगळ्या दाराशी रिकाम्या हातांनी उभ्या होतात. तुमचं काम गेलं, हे तुमच्याकडे बघताक्षणी मला कळलं होतं, आये. आणि तरी त्या दिवशी मी खूश होतो.