शुद्ध करून लिहिलेली ओळ

४ फेब्रुवारी २००१

चि. ठकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पाकिटाच्या जोडावर माझी आडवी सही आहे. तिच्या दोन्ही बाजू नीट जुळत नसतील, तर वाटेत कोणीतरी पत्र वाचलं आहे असं समज आणि तसं कळव.

तब्येत बरी आहे. कान होते तसेच. फोनवर तुझा आवाज गुळण्या केल्यासारखा येतो, म्हणून लिहितो आहे. संगणक बंद पडला आहे. पडला की पाडला, तेच तुला विचारायचं आहे.

रविवारी तुझ्या दादाने तो उघडला. फार रडतखडत चालतो, थोडा दम भरतो त्यात, असं म्हणाला. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करून याचं समाधान होत नाही, सुट्टीच्या दिवशी माझी वस्तू लागते. अर्ध्या तासाने झाकण लावलं आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, की जुनी मेमरी काढून टाकली, आता आत नवी कोरी आहे. जुनी कुठे आहे विचारलं, तर शर्टाच्या खिशावर थाप मारली, आणि कुठली तरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला म्हणून तसाच निघून गेला. मी बटण दाबलं. तेव्हापासून काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ येते. अक्षरशः उतरवून देतो : सिस्टिम डिस्क नॉट फाउंड.

आत काय आहे ते तुला ठाऊक आहे. चुकांचा कोश. चाळीस वर्षं मुद्रितं तपासताना हाती लागलेल्या छापील चुका, निवृत्तीनंतर नऊ वर्षं बसून भरलेल्या, अकरा हजार नोंदी. चिठ्ठीवरची नोंद संगणकात गेली की चिठ्ठी मी फाडून टाकतो. दोन प्रती राहिल्या की छापणारा हमखास चुकीची उचलतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. तेव्हा प्रत एकच. आणि दादा मागच्याच महिन्यात जेवताना म्हणाला होता, की लोकांच्या चुका गोळा करण्यात म्हातारपण घालवू नका. कुठेतरी पाणी मुरतंय.

लोभ आहेच. तो वाढवायचा असेल तर उलटटपाली उत्तर पाठव.

तुझा,
बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. सही जुळली. टपालखात्यावर आणखी थोडे दिवस विश्वास ठेवायला हरकत नाही.

इथे दवाखान्यातली क्ष-किरणांची दोन्ही यंत्रं एकदम आजारी पडली आहेत. मी एकटी त्यांची डॉक्टर, त्यामुळे निघता येत नाही. तुमच्या संगणकाचं इथूनच पाहते.

तुम्ही दिलेली ओळ मी दोनदा वाचली. तिचा अर्थ अगदी सरळ आहे : ज्या डिस्कवर सगळं साठवलेलं असतं ती यंत्राला सापडत नाही. एक तर तिची तार निघाली आहे, नाही तर डिस्क आत नाही. तुमची ओळ इतकी स्वच्छ आहे की तिसरी शक्यता मला दिसत नाही. डिस्कला काही पाय फुटत नाहीत. तेव्हा दादालाच विचारा काय काय काढलं ते. तो खिशात स्क्रूपासून सुपारीएवढ्या मोटारीपर्यंत काहीही कोंबतो, धुवायला टाकलेल्या पँटमधून वहिनी निम्मी लिफ्ट बाहेर काढते.

काळजी करू नका. वहिनीला नमस्कार सांगा. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही असू द्यावा.

तुमची,
ठकी

१५ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. डिस्कला पाय फुटत नाहीत, हे वाक्य मी दादाला वाचून दाखवलं.

आधी तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. त्याने खिशातून एक हिरवी पट्टी काढून टेबलावर ठेवली, बोटभर लांब, काळे चौकोन चिकटवलेली, आणि म्हणाला की ही ती जुनी मेमरी. मी म्हटलं, माझी नऊ वर्षं एवढ्याशा पट्टीत मावतील हे मला पटत नाही, खरी कुठे आहे ते सांग. त्यावर तो बोलेनासा झाला. निर्दोष माणूस गप्प बसत नाही, आरडाओरडा करतो. तू लहानपणी करायचीस.

मग मी स्वतः झाकण उघडून पाहिलं. तारा जागेवर आहेत. डिस्कसारखा दिसणारा एक डबा आत आहे. पण तो आपलाच कशावरून? एका स्क्रूच्या डोक्यावर नवा ओरखडा आहे. पट्टी काढायला तो स्क्रू कशाला लागला? ओळखीच्या कोणाचा जुना डबा आत बसवून आपला बाहेर नेला असेल, तर मला कसं कळावं? हे मी त्याला वहिनीसमोर विचारलं. खोटं कशाला बोलू, चोर हा शब्द मी वापरला.

त्याने कपडे भरले आणि वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायला गेला. जाताना मी म्हटलं, निदान एकदा उघडून दुरुस्त तरी करून जा. तर म्हणाला, आता त्याला हात लावला तर आणखी काय काय गेलं याची तुम्ही यादी कराल. हे उत्तरही मला सरळ वाटलं नाही.

जेवण जात नाही. कोश गेला असेल तर माझ्याकडे दुसरं काही नाही, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

तुझा,
बाबा

१८ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

सप्रेम नमस्कार, आणि नमस्कारापाठोपाठ भांडण. तुझ्या एका गमतीच्या वाक्यापायी माझा नवरा तीन दिवस वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या दोरांशेजारी झोपतो आहे. तुझे फोन तो घेत नाही. माझे घेतो आणि हं म्हणून ठेवतो. बाबा जेवताना त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतात आणि मला विचारतात, की डबा पोचवायला गेले तेव्हा तिथे एखादा जुना संगणक दिसला का. म्हणजे मीही हेर!

मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली बेतायची आणि शिवायची. पण तुला समोर पाहिल्याशिवाय कळणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून बाबा वाचनालयात गेले असताना संगणक सुरू केला, ब्लाउजचे नमुने उतरवायचा पातळ कागद पडद्यावर चिकटवला आणि दिसलं तसं पेन्सिलीने गिरवलं. इंग्रजी शब्दांचा अर्थ लावत बसले नाही, नुसत्या रेघा उतरवल्या. कागद सोबत आहे, घडीवर चुरगळला असेल तर सांभाळून घे.

यातून काही निघत नसेल तर तू स्वतः ये. बाबांशी मी अजून नीट बोलते आहे, पण किती दिवस जमेल सांगवत नाही.

तुझी,
वहिनी

२३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीसारखा घ्या, पुढचं पत्र मात्र बसून वाचा.

वहिनीने पडद्यावरची ओळ गिरवून पाठवली आहे. ती तुमच्या ओळीशी जुळत नाही. तिच्या कागदावर सिस्टिम आणि डिस्क या शब्दांत एसच्या जागी डब्ल्यू आहे, आयच्या जागी एम आहे, केच्या जागी ओ आहे. पुढचे दोन शब्द धड आहेत. बाबा, तुम्ही ती ओळ मला शुद्ध करून पाठवलीत!

पडद्यावर अक्षरं अशी बदलतात तेव्हा दोष डिस्कचा नसतो, मेमरीच्या पट्टीचा असतो. दादा जिला मेमरी म्हणाला तिच्यात काही साठवलेलं नसतं. काम चालू असताना मजकूर तिच्यावर मांडायचा, काम संपलं की ती रिकामी. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तुमच्या जुळाऱ्याच्या हातातल्या पट्टीसारखी. नव्या पट्टीचा एखादा सोनेरी दात नीट टेकलेला नाही, म्हणून यंत्र अक्षरंही चुकतं आणि डिस्कवरचंही धड वाचू शकत नाही. चुका दिसल्या असत्या तर मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण मीही कमी नाही. खात्री नसताना पाय फुटल्याचं वाक्य लिहून मोकळी झाले. दादाला मी वेगळं लिहिते आहे.

आता असं करा. मुख्य वायर भिंतीतून काढा. यंत्राच्या लोखंडी अंगाला एकदा हात लावा. आतल्या नव्या पट्टीच्या दोन टोकांचे चिमटे बाहेर दाबा, पट्टी वर येईल. तिचे सोनेरी दात कोऱ्या खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका, आणि पट्टी सरळ खाली दाबा, दोन्ही चिमटे आपोआप मिटेपर्यंत. जोर लागतो, घाबरू नका.

आणि सुरू झालं, न झालं, तरी दादाला घरी आणा. लोभ माझ्यावरचा थोडा कमी करून त्याच्यावर करा.

तुमची,
ठकी

२८ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद. सुरू झाला. एक चिमटा अर्धवटच मिटलेला होता. सगळ्या नोंदी आहेत, मी पहिली, शेवटची आणि मधल्या वीस उघडून पाहिल्या.

तू म्हणतेस ते खरं आहे. चुका मला दिसल्या होत्या. न दिसायला काय झालं! संगणकवाल्यांची नेहमीची गचाळ छपाई, असं मनात म्हटलं. पत्रात तुला बरोबर करून लिहिलं, कारण चुकीचा मजकूर माझ्या हातून पुढे जात नाही. मूळ चुकीची मात्र चिठ्ठी केली आणि कोशात घालायची म्हणून खणात ठेवली. घरात ओरडत होतो तेव्हा ती खणातच होती.

वहिनीने आज मला दुसऱ्यांदा वाढलं, म्हणजे तिने निम्मं माफ केलं असावं. दादाला लिहिलं आहे. माझी चूक झाली, यंत्र सुरू झालं, तू घरी ये, असं.

तुझा,
बाबा

४ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. यंत्र सुरू झाल्याचं वाचून बरं वाटलं. चिमटा अर्धवट बसला ही चूक माझी. फोन आला म्हणून मी घाईत उठलो आणि ठकीने केलं असतं तसं एकदा सुरू करून पाहिलं नाही. ती कबूल. स्क्रूवरचा ओरखडाही माझाच, स्क्रूड्रायव्हर घसरला.

तुम्ही माफी मागितलीत. अशी माफी तुम्ही कधी कोणाची मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून पत्र दोनदा वाचलं. पण ती संगणक सुरू झाल्यावर आली आहे. पट्टी बसवलीत, नोंदी दिसल्या, तेव्हा मी चोर नाही हे तुम्हाला कळलं. लिफ्टच्या कामात वस्तू खरोखर मरतात. तशी ती डिस्क त्याच दिवशी आपोआप मेली असती तर? मी सांगितलेलं सगळं तेवढंच खरं असतं, आणि तुमच्याकडे दाखवायला एकही नोंद नसती.

मग तुम्ही हे पत्र लिहिलं असतं का? एवढंच विचारायचं आहे. इथे खोली बरी आहे. घाई नाही.

तुमचा,
दादा

९ मार्च

चि. दादास,

मायन्यात अनेक उत्तम आशीर्वाद लिहायचे असतात. आज लिहायला हात धजत नाही, तेवढी जागा कोरी सोडली आहे.

तुझ्या प्रश्नाला पहिल्या दिवशी मी लिहिलं, की नक्कीच लिहिलं असतं, बाप आहे मी तुझा. ते पत्र टाकायला कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी लिहिलं, की हळूहळू राग गेला असता. तेही टाकलं नाही. तू शाळेत असताना शेजारच्यांचं घड्याळ हरवलं होतं, तेव्हाही मी आधी तुझं दप्तर उलटं केलं होतं. घड्याळ कधीच सापडलं नाही. तू नाही म्हणाला होतास. त्यानंतर तीस वर्षं मी तो विषय काढला नाही आणि तुला वाटलं असेल की मी विसरलो. मी विसरलो नव्हतो, दादा. त्या रविवारी तू खिशावर थाप मारलीस तेव्हा मला ते घड्याळच आठवलं.

तेव्हा उत्तर असं आहे. संगणक बंदच राहिला असता, तर मी तुला लिहिलं नसतं. मरेपर्यंत तुला चोरच समजलो असतो, आणि वरून तुझ्या हातचं पाणी प्यालो असतो.

असा तुझा बाप आहे. हे कळल्यावरही यावंसं वाटलं, तर ये.

बाबा