भिंतीवरचे दोन ठोके

प्रिय धाकट्या,

माझ्या डोक्याला टाके पडलेत, एक डोळा अजून उघडत नाही. कान मात्र शाबूत आहेत. तूच म्हणायचास ना, दादाला भिंतीतली मुंगीसुद्धा चालताना ऐकू येते.

नदीकाठच्या त्या दुमजली घरात गावातली पहिली शाळा भरायची. विकत घेणाऱ्याला ते पाडायची घाई, आणि आम्हाला कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ते उभं ठेवायचं होतं. आयुष्यभर घरं पाडून मोठा झालेला मी टेकू घेऊन गेलो, तेव्हा शाळेच्या बाई म्हणाल्या, मांजरानं उंदरांचा दवाखाना काढला. सगळे हसले, मीच जरा जास्त हसलो. मग कुणी चुना आणला, कुणी वाळू, आणि सुतारमामांनी कुजलेल्या तुळईखाली नवं लाकूड घातलं. लहानपणी तुला लाकडी गाडी करून देणारे मामा. रोज चहाला तुझी चौकशी करायचे. मी सांगायचो, कामात आहे. कुणाच्या, ते सांगत नसे.

परवा दुपारी विकत घेणाऱ्याची माणसं आली. तोंडाला फडकी, हातात पहारी. बोलणंचालणं काही नाहीच. बाई आडव्या आल्या, तर त्यांचा हात कोपरातून असा मोडला की हाड बाहेर आलं. चुनेवाल्याला पायऱ्यांवरून फेकलं, दात तिथेच सांडले. मीही एकाचं नाक फोडलं, खोटं कशाला बोलू. मग डोक्यात पहार बसली. मागच्या भिंतीपाशी पडलो, डोळ्यांत रक्त, दिसेना काही. मामा आतच होते, टेकूला पाचर ठोकत.

आणि मग ऐकलं. भिंतीवर घणाचे दोन हलके ठोके, आणि फडक्याआडून, "आत कोण?"

जगात कुठला गुंड भिंत पाडण्याआधी असं विचारतो? आपले बाबा विचारायचे. त्यांचा जोडीदार ढिगाऱ्याखाली गेल्यापासून विचारायचे, आणि आपण विसरलो की कानशिलात द्यायचे. त्यांनी हे दोघांनाच शिकवलं. एक मी जमिनीवर पडलेलो.

आतून मामा म्हणाले, "आहे, आहे. थांब रे."

एक श्वासभर सगळं थांबलं. मग घण बसला. पुन्हा बसला. भिंत आत गेली.

आम्ही मामांना हातांनी उकरून काढलं. छाती चेपलेली, तोंडात माती, मुठीत हातोडी तशीच. आज पहाटे गेले.

तो घण तुझ्या हातातला होता, की तुला ढकलून दुसऱ्या कुणी मारला? कानाला हात दिसत नाहीत. म्हणूनच हे लिहितोय. पोलिसांनी उद्या जबाबाला बोलावलंय. जे ऐकलं ते सगळं सांगणार, कमी नाही, जास्त नाही. तू माझा भाऊ आहेस, म्हणून एक गोष्ट आधी करतो. सकाळी चौकीवर जाताना तुझ्या दारावर दोनदा ठोकीन आणि विचारीन, आत कोण. तू उत्तर दे. मी थांबेन.

तुझाच,
दादा