लाल औषध

प्रिय बायो,

तुझ्या लाडक्या फौजदारणीने मला वैताग आणलाय. एवढी म्हातारी झाली कोंबडी, पण तोरा जात नाही. दादाचं लग्न झाल्यावर तुझ्या वहिनीने चार पिल्लं आणली होती ना, त्यांच्या आता चांगल्या तलंगा झाल्या, अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. जुन्या कोंबड्यांत एकदम सोडल्या तर जीव घेतील, म्हणून आधी खुराड्यात जाळी लावून पलीकडे ठेवल्या. तोंडओळख झाली असं वाटून मी जाळी काढली, आणि फौजदारीण एकीच्या मानगुटीवरच बसली.

मी घाईघाईने जखमेला लाल औषध लावलं. नको तो शहाणपणा. लाल दिसलं की कोंबड्यांना चोच आवरत नाही. गप्प बसलेल्यासुद्धा धावून आल्या. वहिनीने तिला उचललं, जखम धुतली, जांभळं औषध लावलं. तेव्हापासून ती दाणे दोन परातींत टाकते. फौजदारणीचं सगळं भांडण रात्री बसायच्या दांडीवरच्या तिच्या कोपऱ्यासाठी होतं, म्हणून सुताराकडून दांडी लांब करून घेतली. अंधारून आलं, कोंबड्या पेंगल्या, की वहिनी तलंगांना हळूच त्यांच्या शेजारी ठेवते. सकाळी सगळ्यांना वाटतं, या इथल्याच. अधूनमधून चोच बसते, पण रक्त नाही.

तू म्हणशील, आई लेकी बोले सुने लागे करतेय. नाही गं, इथे कोंबडी बोले लेकी लागे. मागच्या खेपेला वहिनीने घासलेली भांडी तू तिच्यादेखत पुन्हा घासलीस, आणि मी सगळ्यांसमोर तिची बाजू घेतली. तेही लाल औषधच झालं. जाईपर्यंत तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस.

काल तिने कपाटावरची बॅग काढली. तू येशील त्या आठवड्यात ती माहेरी जाणार आहे, ताईंना घर मोकळं मिळावं म्हणून. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. साधेपणाने म्हणाली, त्याचं मला फार वाईट वाटलं. मी थांबवलं तर माझ्या शब्दाखातर थांबेल, ते मला नको. तू तिला फोन कर. माफीबिफी राहू दे, नुसतं तलंगा कशा आहेत ते विचार. आणि सकाळच्या नको, संध्याकाळच्या गाडीने ये. तुझा कोपरा आहे तिथेच आहे.

तुझीच, आणि आता तिचीही,
आई