कौशल्याच्या अडलेल्या फेरीची व्यवस्था

मी, आनंदराव धोंडबा मेश्राम, वय चौसष्ट, खापरखेडा वीज केंद्रातून निवृत्त झालेला फिटर, राहणार मनीषनगर, नागपूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती दगा देते, डोकं अजून ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही. दम द्यायला घरात उरलंय तरी कोण!

१. दोन खोल्यांचं घर माझी मुलगी शामला हिचं. जावईबापूंनी वर मजला चढवायची घाई करू नये, भिंती कच्च्या आहेत.

२. माझी सगळी हत्यारं मित्र नत्थू गजभिये याला. मोठा पाइप पाना एकोणऐंशीपासून त्याच्याकडेच आहे. तो आता रीतसर त्याचा.

३. खेळाची पेटी. मेहुणे भैयाजी बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती ऐंशी साली आणली. घरचे आणि नत्थू मिळून खेळायचो. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचं, मी गोष्ट पुढे न्यायची आणि वीस बाजूंच्या फाशाने निकाल द्यायचा. इंग्रजी नियम मी डिक्शनरी घेऊन एका वहीत मराठीत उतरवले. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं. मंत्राने कोणी बरं होतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. रविवारी दुपारी टेबलावर मात्र होत असे.

४. माझी चूक. शामलाचं पात्र वैद्यही होतं आणि जादूगारही. वैद्यकीच्या तीन पायऱ्या, जादूच्या दोन. मी तिला सांगितलं होतं, तीन नि दोन पाच, पाचव्या पायरीचे सगळे मंत्र तुझे. त्या भरवशावर तिने आपल्या पायऱ्या दोन विद्यांत वाटून घेतल्या. माझी पत्नी कौशल्या शाळेत गणित शिकवायची. वर्षभराने तिने मूळ पुस्तक उघडलं नि म्हणाली, "तुमी चुकून राहिले जी. बेरीज ताकदीची होते, शिकण्याची नाही."

तिचंच खरं होतं. मंत्र टाकायला ताकदीचा खण लागतो, जेवढा मंत्राचा दर्जा तेवढा मोठा. दोन विद्यांची ताकद एकत्र मोजायची, म्हणून पाच पायऱ्यांवर शामलाला तिसऱ्या दर्जाचा मोठा खण मिळतो. पण मंत्र त्या त्या विद्येच्या पायरीपुरतेच, तीन पायऱ्यांच्या वैद्याला दुसऱ्या दर्जापर्यंतचे. लहान मंत्र मोठ्या खणात घातला तर जखम जास्त भरते, थांबलेला श्वास परतत नाही. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं म्हणून नत्थू हसला. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही.

५. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात खेळात कौशल्याचं पात्र पडलं, श्वास थांबला. पुढच्या एका फेरीत तिसऱ्या दर्जाचा मंत्र मिळाला तरच ते उठणार होतं. फेरी शामलाची.

"बाबा, मोठा खण तर रिकामा हाये, मंग काहून नाही चालत?"

मी कौशल्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्यासाठी नियम मोडू नका जी. फेरी पुढच्या रविवारी खेळू. माहं पोट दुखून राहिलं."

सोमवारी तिला दवाखान्यात नेलं. सतरा दिवस मी बाहेरच्या बाकावर बसलो. बसण्याखेरीज मला काही येत नव्हतं. ती घरी आली नाही.

६. तेव्हापासून फासा कोणी टाकला नाही. नत्थू म्हणतो, "तुहाच खेळ, तुहेच नियम. उठव ना गा वहिनीले." तीनदा पेन उचलला. खोटं लिहिलं असतं तर तिने पकडलं असतं, आणि खरं खेळायची माझी छाती झाली नाही.

पेटी, वही आणि खेळ चालवायचा अधिकार शामलाला देतो. नियम बदलू नये. बेटा, तुझ्या पात्रात खोट नाही, मीच तुला चुकीचं शिकवलं. ती फेरी तू खेळ. मोठा खण उघड, त्यात घालायला काही नाही हे मोठ्याने सांग, आणि आईला जाऊ दे. मला ते जमलं नाही.

सही: आनंदराव धोंडबा मेश्राम
नागपूर, १४ सप्टेंबर १९८६

साक्षीदार: इंदुताई रामटेके, कवडू वासनिक, दोघे शेजारी.
आमच्या देखत सही झाली. आनंदरावांनी कागद वाचून दाखवला. कलम सहा त्यांना वाचवलं नाही, ते इंदुताईंनी वाचलं.