मागच्या अंगणातलं शेड आणि कानबाईचा नारळ

मी, लिहून देणार पार्वताबाई तोताराम शिंपी, वय त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पिंप्राळा, जळगाव, माझं शेवटचं म्हणणं आज कागदावर आणत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणायला मी एकटी रिक्षाने गेले, कारण डोकं ठिकाणावर नाही असा दाखला मिळतो का, याची चौकशी माझ्या मुलाने आधीच करून ठेवली होती. मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. रागाने लिहीत आहे, आणि रागाने लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, असं वकिलांनी मला सांगितलं आहे. मजकूर जरा सौम्य करून देतो असंही ते म्हणाले. मी नको म्हटलं.

याआधी एकदाच मृत्युपत्र करायला बसले होते. तेव्हा युवराज स्वतःच्या हाताने चहा करून शेजारी येऊन बसला. जन्मात त्याने चहा केला नव्हता. मी कागद उचलून उठले.

कलम १. माझे पती तोताराम वारले. मागे मुलगा युवराज, त्याची बायको सपना, आणि धुळ्याला दिलेली मुलगी कोकिळा. दुसरा वारस नाही, असता तर बरं झालं असतं.

कलम २. हा लिफाफा माझे चुलतदीर उखर्डू आबा, राहणार चोपडा, यांच्याकडे बंद राहील. माझ्या मागे जो पहिला श्रावण येईल, त्यात कानबाईच्या रविवारी, सगळे भाऊबंद आमच्या मधल्या खोलीत पंगतीला बसले की रोट मोडायच्या आधी आबांनी तो युवराजच्या हातात द्यावा. युवराजने उभं राहून पहिल्या ओळीपासून साक्षीदारांच्या नावांपर्यंत मोठ्याने वाचावा. मध्ये थांबला, एखादी ओळ गाळली किंवा दुसऱ्याच्या हातात कागद दिला, तर राहतं घर त्याला मिळणार नाही. दुसरी प्रत आबांच्या मांडीवर असेल.

म्हणजे युवराज, हा आवाज तुझाच आहे. जरा चढव. पंगतीतल्या भिकुबाईला कमी ऐकू येतं.

कलम ३. आता शेडबद्दल. यांचं शिवणकामाचं दुकान स्टेशन रस्त्यावर भाड्याच्या जागेत होतं. हे गेल्यावर मालकाने जागा परत मागितली, त्यात त्याची काही चूक नाही. प्रश्न सामानाचा होता. मशिनी, कापायचं मोठं टेबल, कापडाच्या पेट्या, गिऱ्हाइकांची मापं. मी म्हटलं, जवळपास एखादा छोटा गाळा भाड्याने घेऊ, सामानही राहील आणि मीही तिथे बसून चार ब्लाउज शिवीन. युवराज म्हणाला, "आई, गाळ्याचं भाडं म्हणजे पैसे गटारीत घालणं." भाडं माझ्या शिवणातून जाणार होतं. पैसे माझे, आणि गटार दिसली त्याला.

त्याने कोकिळाला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. कोकिळा म्हणाली, "अगं आई, आता नटबोल्टचं तयार स्टीलचं शेड मिळतं. धुळ्यात आमच्या ओळखीचा माणूस आहे. मागच्या अंगणात एकदा उभं केलं की दर महिन्याची कटकट मिटली." मी म्हटलं, "बाई, जळगावच्या उन्हात पत्र्याखाली काय टिकतं?" तर माझी एम.ए. झालेली मुलगी म्हणते, "वस्तूंना कुठे ऊन लागतं आई?"

धुळ्याहून टेम्पो आला. त्या माणसाने विचारलं, वर हवेसाठी जाळी बसवू का? जाळीचे पैसे वेगळे होते. युवराज म्हणाला, आत काय माणूस राहणार आहे? माझं लिंबाचं झाड तोडून तिथे ते शेड उभं राहिलं.

आधी मशिनी गेल्या. मग टेबल गेलं. मग भिंतींना नवा रंग दिला म्हणून यांचा फोटो गेला. मग माझं कपाट गेलं, कारण सपनाच्या बहिणीला उतरायला खोली हवी होती. मी सकाळी दार उघडं टाकून मशीनवर बसायची. नऊ वाजले की पत्रा तापायचा, रिळाचा दोरा हाताला लागताच तुटायचा, मशिनींचे पट्टे कडकडीत होऊन गळून पडले. शिवायला येणाऱ्या बायका दारातूनच परत फिरू लागल्या. माझं शिवण असं बंद पडलं. कोणी बंद केलं नाही, नुसती सोय केली.

पुढच्या वैशाखात कोकिळाचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून मी धुळ्याला गेले. परत आले तर मधल्या खोलीला खोटं छत बसलेलं, आणि कानबाईची पेटी असायची ती भिंतीतली देवळी बुजवलेली. मी विचारलं, "सपना, कानबाईच्या नारळाची पेटी कुठे?" ती म्हणाली, "आई, अगदी नीट गुंडाळून शेडमध्ये ठेवलीय. उलट तिथे एकसुद्धा उंदीर नाही." उंदीर नव्हते हे खरं आहे. उंदरांना अक्कल असते.

पेटी आत्ताच्या आत्ता घरात आणा, असं मी म्हणाले. पेटीवर माझंच कपाट चढवलेलं होतं, मला एकटीला हलेना. युवराज म्हणाला, "रंगकाम संपू दे, मग आणू." रंगकाम आषाढापर्यंत चाललं.

कलम ४. हे प्रकरण कोर्टात गेलंच, तर तिथले साहेब बाहेरचे असतील, म्हणून लिहिते. कानबाई ही आमची खानदेशातली देवी. आमच्या कुळात तिचा नारळ पिढ्यान् पिढ्या एकच असतो. लग्न लागतं तसा तो परणून आणलेला असतो. श्रावणात त्याला नथ, डोळे आणि लुगडं लेववून बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्हाऊ घालतात आणि परत घरी आणतात. रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू घरातल्या एकेका माणसाच्या नावाने मुठीने मोजून घेतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही आमच्याकडे तो मिळत नाही. ज्याच्या घरी नारळ, त्याच्या घरी मान. तो मान माझ्या सासूच्या सासूपासून आमच्या घरात आहे.

गेल्या वर्षीच्या श्रावणात, रविवारी सकाळी मी कानबाईला सजवायला बसले. समोर सगळं कूळ बसलेलं. नारळाला तेल, शेंदूर सगळं व्यवस्थित लावलेलं होतं. मी नथ घालायला तो हातात उचलला, आणि आतून पाणी वाजलं.

आमचा नारळ माझ्या लग्नाच्याही आधी सुकून खणखणीत झाला होता. त्यात पाणी कुठलं?

मी सपनाकडे बघितलं. ती ताटातली फुलं निवडायला लागली. मी युवराजकडे बघितलं. तो आबांना सांगत होता, "बघा आबा, शंभर वर्षांचा नारळ. आमच्या घराने जिवापाड जपलाय." आबांनी हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. बाजारातल्या नारळापुढे माझं अख्खं कूळ पालथं पडलं, आणि माझा मुलगा शेजारी छाती काढून उभा.

(इथे सपना उठून आत जाईल. आबा, तिला बसवा.)

दुसऱ्या दिवशी सगळे त्या नारळाला घेऊन नाचत नदीवर गेले, तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिले. आमचा नारळ मला शेडमध्ये सापडला, मशीनच्या खणात, सिमेंटच्या गोणपाटाच्या तुकड्यात बांधलेला. पत्र्याच्या भट्टीत उभा तडकला होता. पोरांनो, तडकला हे मी समजू शकले असते. पोटच्या पोराने रात्री उठवून "आई, माझ्या हातून झालं" म्हटलं असतं, तर आबांना बोलावून देवीला शांत केलं असतं, दुसरा परणून आणला असता. तुम्ही देवी बाजारातून आणलीत आणि आईला आंधळी धरलंत.

तेव्हा का बोलली नाहीस, असं तुझ्या मनात येत असेल. बोलले असते तर तू सपनावर ढकललं असतंस, मग ढसाढसा रडला असतास. आपले लोक रडणाऱ्या पुरुषाला पंगत उठायच्या आत माफ करतात. मला तुला माफी मिळू द्यायची नव्हती. त्याच दिवाळीत कानबाईचा मान घरात म्हणून तू समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष झालास. तुझ्या सत्काराच्या शालीची किनार मीच दुमडून शिवली. टाके बारीक घातलेत, उसवणार नाहीत.

कलम ५. वाटणी.

(अ) शेड मी मुलगी कोकिळा हिला देत आहे. तिने ते नटबोल्ट काढून स्वखर्चाने धुळ्याला न्यावं आणि स्वतःच्या अंगणात उभं करावं. तिच्या मुलाचं लग्न ठरत आहे. येणाऱ्या सुनेला ते पहिल्याच दिवशी दाखवावं, आणि वस्तूंना ऊन लागत नाही हेही सांगून ठेवावं. म्हातारपणी कोकिळाच्या उपयोगी पडेल. गंजलेल्या मशिनीही तिलाच.

(ब) सून सपना हिला माझी सर्व लुगडी. फरशी पुसायला फार छान होतात. त्यातलं माझं हिरवं तिने माझ्या देखत वापरलं होतं, म्हणून सांगते.

(क) एकच मशीन चालू आहे, ती मी शेजारी ठेवायला दिली होती. ती यांच्या दुकानातले कारागीर रहीम यांची मुलगी अफिफा हिला. तिची काजं वाकडी येतात. पण अडलं की ती "काकू, दाखवा ना" म्हणत यायची, आणि आली की बसायला माझी खुर्ची घरातून शेडच्या सावलीला आणायची. माझ्या पोटच्या दोघांना हे सुचलं नाही.

(ड) बँकेतली ठेव आणि माझे दागिने आबांच्या हवाली. त्यातून कानबाईचा खर्च चालावा. माझ्या वर्षश्राद्धाला त्यातलं काही वापरू नये. वर्षश्राद्ध युवराजने करावं, जेवायला कमी माणसं येतील.

कलम ६. राहतं घर, जागेसह, माझ्या एकटीच्या नावावर आहे. सून चार वर्षं झाली विचारते आहे की आईंनी काय ठरवलं. ठरवलं ते असं: घर युवराजला.

श्वास सोडलास ना? सोड. भाऊबंद म्हणतील, पार्वता शेवटी विरघळली. तसं नाही. घर दुसऱ्याला दिलं असतं, तर म्हातारीने पोरावर अन्याय केला म्हणून गावभर सांगत फिरला असतास, आणि बिचारा ठरला असतास. मला तू बिचारा व्हायला नको आहेस. तू याच घरात, याच मधल्या खोलीत राहावंस. घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, ही अट तुझ्या हयातीपुरती आहे. वाचन पूर्ण झालं नाही तर घर कुळाच्या सभागृहासाठी जाईल, म्हणून आता थांबू नकोस. थोडंच राहिलं आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उखर्डू आबांनी करावी. त्यांना यातलं काही नवीन नाही. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी मी तडकलेला नारळ पदराखाली घेऊन चोपड्याच्या एसटीत बसले. आबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि कपाळाला लावला. मग म्हणाले, "वहिनी, आते बठ्ठास्ले सांगनं पडी." मी म्हटलं, "सांगू या आबा, सगळ्यांना सांगू. फक्त युवराजला कळू द्यायचं नाही."

तो नारळ आम्ही तापीत सोडला. नवा परणून आणला, तो आबांच्या घरी आहे. मग मी एकेका भाऊबंदाच्या दारात गेले, चहा घेतला आणि सांगितलं. भिकुबाईला तर दोनदा सांगावं लागलं. यंदाच्या श्रावणात सगळे तुझ्याकडे आले होते, आठवतंय? कोणाचं पोट बिघडलं होतं, कोणाला साखर होती, कोणी म्हणालं घरी नेऊन खातो. एकानेही तुझ्या घरी रोट मोडला नाही. तू मला म्हणालास, "आई, बघ, एक तुकडा उरला नाही, लोकांनी प्रसाद म्हणून बांधून नेला." तो रोट त्यांनी गाईंना घातला. रात्री सगळे आबांकडे चोपड्याला जेवले. मीही होते. तुला कोकिळाकडे जाते म्हणून सांगितलं होतं.

म्हणून हे वाचन त्यांच्यासाठी नाही. त्यांना सगळं पाठ आहे, फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आता कागद खाली कर आणि समोर बघ. एकाच्याही तोंडावर नवल दिसणार नाही.

खालची साक्षीदारांची नावं तेवढी वाच, की अट पूर्ण झाली. घर तुझं.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या आहेत.

लिहून देणार: पार्वताबाई तोताराम शिंपी (सही)

साक्षीदार १: उखर्डू शिंपी, राहणार चोपडा (सही)

साक्षीदार २: भिकुबाई शिंपी, राहणार असोदा (डाव्या हाताचा अंगठा. मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. परत एकदा वाचा म्हणाल्या, म्हणून परत वाचला.)

ठिकाण: जळगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५